न विचारता नेलेली चाल

आमच्या देवघरातला बल्ब अजूनही बाबाच बदलतात. देवघर आईचं आहे. बाबा तिथे हात जोडत नाहीत, त्याला आता तीन-चार वर्षं झाली. पण बल्ब गेला की ते स्टूल आणतात, चप्पल दाराबाहेर काढतात, होल्डर पुसून नवा बल्ब लावतात आणि आईला विचारतात, "उजेड बरोबर येऊन राहिला ना?" आई "हाव" म्हणते. आमच्या घरातला धर्माचा प्रश्न एवढ्यावर मिटतो.

बाहेर तो इतका सहज मिटला नाही. एका माणसाशी तर दोन वर्षं मिटला नाही, आणि तिथे प्रश्न धर्माचा नव्हताच. हे फक्त मला माहीत होतं. मी कमी बोलते, त्यामुळे मला बऱ्याच गोष्टी माहीत असतात.

बाबा पांढुर्ण्यात वीज खात्यात लाइनमन. पण गावात त्यांची ओळख खंजिरीवाले म्हणून. खंजिरी म्हणजे हातात मावणारं, एका बाजूने चामडं ताणलेलं लहानसं वाद्य. ते वाजवत भजन म्हणायच्या स्पर्धा आमच्याकडे गावोगाव होतात, आणि बाबांचं मंडळ लोधीखेड्यापासून पार वरूड-मोर्शीपर्यंत जायचं. दर मंगळवारी संध्याकाळी आमच्या अंगणात तालीम. बाबा गायचे आणि शिस्त लावायचे. उशिरा येणाऱ्याला दाराशी उभं करायचे, टोपी मळकी असली तर परत पाठवायचे. टेम्पो निघायच्या आधी हजेरी, मग चाकाखाली नारळ, मग जयघोष. पेटीवर त्यांचे लहानपणापासूनचे मित्र. ते शिंपी, बाजारात त्यांचं छोटं दुकान. मंडळाच्या सगळ्या चाली त्यांच्या. मशीन चालवता चालवता गुणगुणायचे आणि मंगळवारी नवी चाल घेऊन यायचे. मी त्यांना पेटीवाले काका म्हणते.

मला मात्र बाबांनी इंग्रजी शाळेत घातलं होतं. सिस्टरांची शाळा. के.जी.पासून रोज सकाळी आम्ही इंग्रजीत प्रार्थना म्हणायचो. मला अर्थापेक्षा रांग सरळ ठेवण्याची काळजी जास्त असायची. घरी मी तीच पुटपुटत असले की बाबा पाहुण्यांना सांगायचे, "आमची पोट्टी देवाशी पण इंग्रजीत बोलते. त्याले समजते का नाही, देव जाणे."

मग बाबा खांबावरून पडले. घाई केली, पट्टा नीट लावला नाही, चूक माझीच, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगतात. कमरेचं हाड मोडलं. नागपूरच्या एका मिशनच्या दवाखान्यात ते अडीच महिने पडून होते. सव्वा सहा फुटांचा, दिवसभर ओरडणारा माणूस पलंगावर उताणा. वॉर्डात एक नर्स होती, अमरावतीकडची, पन्नाशीची, ठेंगणी. ती बाबांचं सगळं करायची. अंग पुसणं, भांडं देणं, पाठीला पावडर. कधी नाक मुरडलं नाही, कधी फार गोडही बोलली नाही. करताना हलकं गुणगुणायची. बाबांना तिचा सूर आवडला, म्हणून एक दिवस त्यांनी विचारलं, "बाई, हे सारं तुम्ही कायच्यासाठी करता?"

ती चादर बदलत होती. म्हणाली, "मी ज्याला मानते तो लोकांचे पाय धुवायचा. मी तर नुसती चादर बदलून राहिली."

बाबा दोन दिवस गप्प होते. आईला वाटलं ताप आला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "शाळेत तू ते जे म्हणत होती, त्याचा अर्थ सांग." बारा वर्षं जे तोंडपाठ म्हटलं त्याचा अर्थ मला पहिल्यांदाच सांगावा लागला. मी अडखळले. तोंडी जमेना, म्हणून एक्स-रेच्या पाकिटामागे लिहून दिलं. शब्दाला शब्द नव्हतं ते, मला जसं वाटलं तसं होतं, सात-आठ ओळी. लिहिताना मात्र माझ्या आत काहीतरी सरळ झालं. त्याबद्दल मी अजून कोणाशी बोलले नाही आणि इथेही फार बोलणार नाही. बाबांनी पाकीट फाडून तो तुकडा खिशात ठेवला.

घरी आल्यावर त्यांनी वर्षभर विचार केला. सौंसरला पत्र्याच्या हॉलमध्ये रविवारची प्रार्थना व्हायची, तिथे बसने जाऊ लागले, मागच्या खुर्चीवर बसू लागले. मग कलेक्टर ऑफिसात धर्म बदलण्याचा रीतसर अर्ज दिला. तिथल्या बाबूने विचारलं, कोणी जबरदस्ती तर केली नाही ना. बाबा म्हणाले, "माझ्यावर जबरदस्ती करणारी एकच आहे. ते बाहेर स्कूटीवर बसून राहिली." ती म्हणजे आई.

सौंसरजवळच्या एका संत्र्याच्या बागेत, ओलिताच्या हौदात त्यांचा बाप्तिस्मा झाला. थंडीचे दिवस होते. आई धर्म बदलणार नव्हती, तसं तिने सांगून टाकलं होतं, पण ती आली. टॉवेल, कोरडे कपडे आणि आल्याच्या चहाचा थर्मास घेऊन झाडाखाली उभी राहिली. मी म्हटलं, तू येशील असं वाटलं नव्हतं. ती म्हणाली, "पाणी कोणत्याही देवाचं असो, सर्दी तर याच माणसाले होईल ना."

गावात बोलणं झालं, पण भांडण झालं नाही. आमचं गाव जुन्या प्रथेप्रमाणे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड फेकतं, म्हणून की काय, उरलेले दिवस बऱ्यापैकी शहाण्यासारखं वागतं. मंडळातले लोक आले, चहा प्यायले. पेटीवाले काका म्हणाले, "देव तुझा, तू पाह्य. तालमीले कोण ओरडंल आता, ते सांग." सगळे हसले. म्हणजे तेव्हा ते रागावले नव्हते. हे लक्षात ठेवायला हवं.

बाबांनी मंडळ सोडलं आणि त्यांचा मंगळवार मोकळा पडला. मोकळा मंगळवार त्यांना सहन होईना. ऑफिसात आता त्यांना तक्रारी लिहून घ्यायला बसवलं होतं आणि साप्ताहिक सुट्टीही मंगळवारचीच होती. पहिल्या मंगळवारी त्यांनी शेजारच्या आजोबांना नागपूरला दवाखान्यात नेलं, कारण कोणती चिठ्ठी कोणत्या खिडकीवर द्यायची हे अडीच महिन्यांत त्यांना पाठ झालं होतं. पुढच्या मंगळवारी दोघं. मग तिगावची एक बाई, मोहगावचे नवरा-बायको. वर्षभरात त्याची पलटण झाली. स्टेशनवर गाडीच्या अर्धा तास आधी सगळ्यांना रांगेत उभं करायचे. आधार कार्ड? जुने कागद? डबा? कोणाचा एक्स-रे घरी राहिला की "भजनाले आले का, एक्स-रे न घेता?" असं ओरडायचे. पूर्वी निघताना नारळ फुटायचा, आता त्या जागी एक मिनिट प्रार्थना. "डोळे मिटा," ते सांगायचे. "नसंल मिटायचे तर खिडकीतून पाहा. जबरदस्ती नाही." त्यांच्या ऑफिसातला एक जण स्टेशनवर हे पाहून म्हणाला, "लाइन तेच आहे गा, फक्त फिडर बदलला." फिडर म्हणजे जिथून वीज येते ती मुख्य तार.

पण मी एक फरक पाहत होते. पूर्वी बाबांना ढाल हवी असायची, पहिल्या नंबरची. आता लोधीखेड्याच्या एका म्हाताऱ्याला उलटी झाली तर ते स्वतःच्या रुमालाने गाडीची फरशी पुसायचे आणि पुसताना हलकं गुणगुणायचे. त्या नर्सबाईसारखं.

आता चालीचं सांगते.

सौंसरच्या हॉलमध्ये गाणी हिंदी असायची आणि एक मुलगी कीबोर्ड वाजवायची. बाबांना ते सोसत नव्हतं. घरी येऊन म्हणायचे, "गाणं बसून राहिलं गा तिथं. उठतच नाही." पहिल्याच नाताळाला त्यांनी खंजिरी पिशवीतून काढली, निखाऱ्याच्या शेगडीवर चामडं तापवून ताणलं आणि एक मराठी भजन म्हटलं. शब्द येशूचे. पहिल्या ओळीलाच मी मान खाली घातली, कारण ते माझे होते, एक्स-रेच्या पाकिटामागचे. आणि चाल होती काकांची. मंडळाने त्या चालीवर दोनदा ढाल आणली होती.

हॉल खरंच उठला. टाळ्या धरल्या गेल्या, म्हाताऱ्या बाया डुलायला लागल्या. भोंगा बाहेर लावलेला होता. मी शेवटच्या रांगेत खिडकीशी होते, आणि मला रस्त्यावर पेटीवाले काका दिसले. त्यांची मुलगी सौंसरला दिलेली आहे, हॉलच्या मागच्याच गल्लीत. ते हातात पिशवी घेऊन थांबले होते आणि मांडीवर ठेका धरत हसत होते. येशूचे शब्द त्यांना ऐकू येतच होते. हात थांबला नाही. दुसऱ्या कडव्याला त्यांनी थोडं तोंड वाकडं केलं, पण हात चालूच.

मग भजन संपलं. पास्टर छिंदवाड्याकडचे, हिंदी बोलणारे, फार मोकळे गृहस्थ. ते माइकवर म्हणाले, "शब्द भी हमारे भाई के, और धुन भी इन्हीं की बनाई हुई." बाबा घाम पुसत होते, लोक त्यांचे हात हातात घेत होते. त्यांनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. बाहेर काकांचा हात थांबला. पिशवी दुसऱ्या हातात घेऊन ते चालायला लागले.

त्या दिवसापासून ते बाबांशी बोलले नाहीत.

सगळ्यांनी अर्थ लावला तो सरळ होता. शेवटी धर्म आडवा आलाच, लोक म्हणाले. आईही तेच म्हणाली. बाबांनी तर तो अर्थ पूर्ण मनाने घेतला. रोज जेवणाआधी काकांसाठी प्रार्थना करू लागले, मोठ्याने. त्यांचं मन मऊ होऊ दे, त्यांना उजेड दिसू दे. मी समोर बसून भाजी चिवडायची.

मी का सांगितलं नाही? खरं सांगायचं तर सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न शब्दांचा आला असता. शब्द कोणाचे, ते बाबा विसरले होते. तो तुकडा खिशात राहून राहून त्यांचाच झाला होता. मला ती आठवण करून द्यायची नव्हती. म्हणजे थोडीशी द्यायचीही होती. अशा वेळी मी गप्प बसते.

काकांच्या दुकानात मी जात राहिले, कुर्ते आल्टर करायला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी गेले की सुई-दोरा पुढे करायचे. "ओव वं बाई. आता इचं नेढं मले दिसत नाही." मी ओवून द्यायचे, एक नाही, सात-आठ सुया, दिवसभरासाठी. एकदा ते ती चाल गुणगुणत होते. मी आले हे कळताच थांबले. मग मशीनकडे पाहत म्हणाले, "मंडळात मी बावीस चाली केल्या. कोणी मागितली असती तर दिली असती मी." मी मान हलवली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं.

या पावसाळ्यानंतर त्यांनी माझ्या कुर्त्याची डावी बाही उजवीकडे लावली. आई तो कुर्ता घेऊनच दुकानात गेली. "भाऊजी, आता मंगळवारी यांच्यासंगं नागपूरले जाचं."

"त्याच्या पलटणीत मी येत नाही."

"ते प्रार्थना नाही करणार तुमच्यासमोर. मी सांगते त्याईले."

"प्रार्थना करो नाही तं नाचो. मले काय कराचं त्याचं."

आई घरी येऊन हे जसंच्या तसं सांगत होती आणि बाबा हातातलं संत्रं सोलायचं थांबले होते. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. त्यांना कल्पना सुचली होती. मंडळाच्या काळात असा चेहरा झाला की पंधरा माणसांची झोप जायची. "रविवारी सौंसरवरून पास्टर अन् चार भाऊ घेऊन येतो," ते म्हणाले. "त्याच्या दुकानातच बसू. संगं मिळून प्रार्थना करू. त्याच्या मनात धर्माची जे गाठ आहे, ते तिथंच सुटंल."

मला ते चित्र दिसलं. भर बाजारात, कापडाच्या ढिगांमध्ये पाच माणसं डोळे मिटून, आणि मधे काका, न दिसणाऱ्या डोळ्यांनी इकडेतिकडे पाहत. त्यानंतर ते आमच्या आईशीही बोलले नसते. डोळे तसेच गेले असते.

"बाबा," मी म्हटलं. "गाठ धर्माची नाही. चालीची आहे."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी कधी मध्येच बोलत नाही. सुरू केलंच होतं म्हणून सगळं सांगितलं. खिडकी, मांडीवरचा ठेका, पास्टरांचं वाक्य, थांबलेला हात. शब्दांचं सांगितलं नाही.

बाबांनी अर्धं सोललेलं संत्रं खाली ठेवलं. "मी तं कोणाले सांगितलंच नाही, चाल त्याची आहे म्हणून."

"हो."

"अन् दोन वर्षं मी त्याच्या मनासाठी प्रार्थना करून राहिलो."

आईला हसू आवरेना. ती पदर तोंडाला लावून खाली बसली. "अन् तिकडं देव म्हणत असंल, अरे बाबा, आधी त्याची चाल तं वापस कर."

बाबा हसले नाहीत. हात धुऊन आत गेले आणि दार लावून घेतलं. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "चोरीच झाली ही." एवढंच.

रविवारी ते सौंसरला गेले, मीही गेले. पास्टरांना त्यांनी आधी सांगून भोंगा मागच्या गल्लीच्या बाजूला फिरवून घेतला. लाइनमन माणूस, वायर स्वतःच ओढली. मग माइकवर उभे राहिले. मंडळात शंभर वेळा माइक हातात घेतलेला माणूस, पण त्या दिवशी तो चालू आहे का हे त्यांनी दोनदा टिचकी मारून पाहिलं. म्हणाले, "मी जे भजन म्हणतो त्याची चाल माझी नाही. पांढुर्ण्याच्या एका शिंप्याची आहे. मी त्याले न विचारता आणली, अन् माझी म्हणून लोकाईले समजू देली. मी चुकलो. आजपासून मी ते म्हणणार नाही."

मागच्या गल्लीत काकांची मुलगी राहते हे मी आधी सांगितलंच आहे. अशी बातमी बसच्या आधी पांढुर्ण्याला पोचते.

मंगळवारी सकाळी मी पण स्टेशनवर गेले, सुट्टी काढून. पलटण रांगेत उभी होती. रांगेपासून चार हात दूर, बाकाजवळ, धुतलेली टोपी घालून काका उभे होते. हातात डबा. बाबांनी वहीतून हजेरी घेतली. सगळ्यांची झाली. मग वहीत नसलेलं एक नाव त्यांनी तशाच कडक आवाजात पुकारलं. काका म्हणाले, "हजर."

"कागद?"

"आहेत."

"टोपी?"

"दिसत नाही का? का तुले पण मोतीबिंदू झाला?"

गाडी सुटली. बाबांनी एक मिनिट डोळे मिटले, पुष्कळांनी मिटले. काकांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, नियमाप्रमाणे. नरखेड गेलं तरी दोघं बोलले नाहीत. काटोल जवळ आलं तेव्हा काका खिडकीकडेच पाहत म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात तू वर जातो. तिथं खाली येते ते चाल."

"मी म्हणणं बंद केलं आता."

"बंद कर म्हणून कोणी सांगितलं तुले? चुकीचं म्हणू नको म्हटलं मी." त्यांनी डब्याच्या झाकणावर ठेका धरला. "हे पाह्य. वर नाही. इथून खाली." बाबांनी म्हणून पाहिलं. "नाही," काका म्हणाले. दुसऱ्यांदाही "नाही". नागपूर येईपर्यंत मोहगावच्या नवरा-बायकोलासुद्धा ते कडवं पाठ झालं.

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिन्याभराने दुसऱ्याचं. नंतर मी दुकानात गेले तेव्हा सवयीने सुईसाठी हात पुढे केला. काकांनी ओवलेली सुई वर धरून दाखवली. मग म्हणाले, "ते शब्द लिहून आण बरं. ऐकले खूप, वाचले नाही."

मी वहीच्या पानावर लिहून नेले. त्यांनी चष्मा न लावता, दाराच्या उजेडात, हळूहळू वाचले. "साधे आहेत," म्हणाले. "पण चालीवर बसले बरोबर. तुझ्या बापाले असं लिहिता येत नाही. त्याले नुसतं ओरडता येते. कोणी लिहिले?"

दुकानात आम्ही दोघंच होतो. मशीन बंद होतं.

"मी," मी म्हटलं.

त्यांनी पान खाली ठेवलं. "अन् तू पण दोन वर्षं बोलली नाही?"

"मी तशीही बोलत नाही, काका."

"हाव, ते खरं." थोडा वेळ ते बटणं निवडत राहिले. "मी सांगू का त्याले?"

"नको. मी सांगीन."

मी सांगितलं, त्याच संध्याकाळी. बाबांनी खिशातून तो जुना तुकडा काढला, घड्यांवर विरलेला, आणि माझं अक्षर जणू पहिल्यांदा पाहिलं. "दुसरी चोरी," ते म्हणाले आणि कपाळाला हात लावला. आई देवघरातून म्हणाली, "आता तिसरी कोणती आहे का, ते आजच पाहून घ्या."

या नाताळाला काका सौंसरला आले. आत बसणार नाही म्हणाले, आपल्याला जमत नाही ते. मग हॉलच्या दारात स्टूल ठेवलं, काका उंबरठ्याबाहेर आणि पेटी आत. आई शिऱ्याचं पातेलं घेऊन त्यांच्या शेजारी. भजन झालं, दुसरं कडवं बरोबर खाली आलं. पास्टर आता सावध झाले होते. त्यांनी माइक हातात घेऊन आधी विचारलं, "धुन किसकी?" बाबांनी दाराकडे बोट केलं. काकांनी टोपी सारखी केली.

"और शब्द?"

बाबांनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. बोट केलं नाही. थांबले.

मी उभी राहिले.